वाचलेल्या माणसाची तक्रार

दिवाळीच्या दिवसांत एकमेकांकडे फराळाला जाणे होते तेव्हा ताट पुढे येण्याच्या आधी एक विधी उरकला जातो. आलेल्या माणसाला उंबऱ्यावरच नखशिखांत न्याहाळून निकाल सांगण्यात येतो. "किती वाळलीस गं!" "गाल बसले की रे तुझे!" "यंदा मूठभर मांस चढलेले दिसते!" मराठीत या एका कामासाठी जेवढे शब्द आहेत तेवढे मायेसाठीही नसतील. रोडावणे, वाळणे, खंगणे, झिजणे, खप्पड होणे, तोंड उतरणे. आणि उलट बाजूला भरणे, सुटणे, अंग धरणे, बाळसे येणे. शिवाय हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'वाळली' म्हणताना काळजी असते, 'खंगली' म्हणताना आवाज खाली येतो, 'सुटली' यात थट्टा असते आणि 'भरली' यात बहुधा कौतुक. बारा महिन्यांनी भेटणाऱ्या आत्याला भाचीच्या मनात काय चालले आहे हे विचारणे जड जाते. तिच्या दंडांविषयी बोलणे सोपे असते. म्हणून या बोलण्याला मी फारशी नावे ठेवीत नाही. ते पुष्कळदा प्रेमाचेच एक अवघडलेले रूप असते.

आपल्या आज्या मात्र या बाबतीत आपल्याहून सावध होत्या. बाळसेदार मुलाचे कौतुक त्या तोंड भरून करीत नसत. केलेच, तर लगेच त्याच्या गालाला काजळाची तीट लावीत आणि संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळून टाकीत. दृष्ट लागते यावर माझा विश्वास नाही. परंतु दुसऱ्याच्या देहावर आपली नजर पडली की तेथे काही तरी घडते, बघणाऱ्याने निर्धास्त राहू नये, एवढी त्या समजुतीतली गोष्ट मला अलीकडे खरी वाटू लागली आहे. ती का, हे सांगायचे तर सणाच्या अंकात सहसा न येणाऱ्या एका आजाराचे नाव घ्यावे लागते. तो आजार म्हणजे एच.आय.व्ही.

या विषयात मला ओढले ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. माझे ब्लाऊज ती पुष्कळ वर्षे शिवते. नवरा गेल्यानंतर आपल्या रक्तातही तोच विषाणू आहे हे तिला कळले, आणि २००६ साली सरकारी केंद्रातून तिच्या गोळ्या सुरू झाल्या. हे तिनेच मला पुढे केव्हा तरी सांगितले आणि तिच्याच परवानगीने मी लिहीत आहे. तिचे नाव आणि गाव सांगण्याचे कारण नाही. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तिचे वजन ३४ किलो होते. भावाने तिला दोन्ही हातांवर उचलून रिक्षात घातले होते. सहा-आठ महिन्यांत ती ४६ किलोंची झाली, मशीनवर बसू लागली, मुलीला पुन्हा शाळेत पाठवू लागली. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, "अंग धरलंस हो!" त्या शब्दांनी आपल्याला किती बरे वाटले हे ती अजून सांगते.

दोनेक वर्षांनी निराळेच काही घडू लागले. केंद्रातला वजनकाटा दर महिन्याला जवळजवळ तोच आकडा दाखवीत होता. पण शिंपिणीला काट्याहून टेप अधिक कळते. तिचा स्वतःचा दंडघेर दीड इंचाने उतरला आणि कंबरघेर दोन इंचांनी वाढला. हातावरच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या. बसायच्या लाकडी स्टुलावर तिला उशी घ्यावी लागू लागली. आणि गाल गेले. गाल बसणे निराळे आणि गाल जाणे निराळे, असे ती म्हणते. डोळ्यांखालून ओठांपर्यंत दोन खळगे पडले आणि दात पुढे आल्यासारखे दिसू लागले. तिने हे केंद्रातल्या डॉक्टरांना सांगितले. ते रागावले नाहीत. रांगेत त्या दिवशी दोनशे माणसे असतील. ते एवढेच म्हणाले, "बाई, जीव वाचला ना? मग गालांचं काय घेऊन बसलात!"

या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ते दुष्ट वाक्य नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांनी तेच म्हटले असते. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाने आरशापुढे उभे राहून कुरकुर करावी, हे आपल्याला मनातून शोभत नाही. प्रश्न असा, की ते का शोभू नये? वाचलेल्या माणसाला तक्रार करण्याचा हक्क उरतो की नाही?

त्या गालांत काय होते हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आफ्रिकेतील युगांडा देशाच्या दक्षिणेला राकाई नावाचा जिल्हा आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या आरंभी तेथील धडधाकट माणसे झिजू लागली. गावकऱ्यांनी त्या आजाराला एक साधा इंग्रजी शब्द लावला: 'स्लिम', म्हणजे सडपातळ. डॉ. डेव्हिड सेरवाड्डा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्या आजाराचे वर्णन केले तेव्हा त्यांनीही गावकऱ्यांचेच नाव उचलले. श्रीमंत देशांत ज्या शब्दावर औषधे आणि पट्टे विकले जात, तोच शब्द राकाईत मृत्यूचे नाव झाला. पुढे १९८७ साली अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने एड्सची व्याख्या सुधारली. तीत एक नवे लक्षण आले. अन्य कारण नसताना मूळ वजनात दहा टक्क्यांहून अधिक घट, आणि तिच्या जोडीला महिनाभर जुलाब, किंवा अशक्तपणा आणि ताप. म्हणजे गावच्या पारावर जे लक्षण सांगितले जात होते तेच आता छापील कोष्टकात बसले.

आपल्या देशात हा विषाणू प्रथम दाखवून दिला तो १९८६ साली, मद्रासेत, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेतल्या मराठी घरातल्या. रक्त तपासल्यावाचून हा रोग कळत नाही हेच त्यांच्या त्या कामाने सिद्ध झाले होते. पण रक्त तपासण्यापेक्षा माणूस तपासणे आपल्याला सोयीचे वाटले. एस.टी. स्टँडच्या भिंतींवर कवट्या रंगवल्या गेल्या आणि गावात कोणी बारीक झाला की त्याच्या पाठीमागे बोटे होऊ लागली. बिचारे क्षयाचे आणि मधुमेहाचे रोगीही त्या बोटांच्या टप्प्यात आले.

खरे पाहता झिजण्याशी चारित्र्याचा संबंध जोडण्याची आपली खोड जुनी आहे. राजयक्ष्म्याच्या उत्पत्तीची कथा चरकसंहितेत आहे ती चंद्राची. दक्षाच्या मुली त्याने वरल्या आणि त्यांपैकी रोहिणीवरच तो आसक्त राहिला. बाकीच्यांनी बापाकडे गाऱ्हाणे नेले आणि दक्षाच्या कोपाने चंद्राला क्षय जडला. कथा सुंदर आहे. पण तिचा एक अर्थ असाही होतो की जो झिजतो त्याने काही तरी केलेले असणार. पुराणातल्या चंद्राला शुक्लपक्ष तरी मिळाला. नव्वदीच्या दशकातल्या आपल्या एच.आय.व्ही. रुग्णांपुढे बहुधा अमावास्याच होती.

मग औषधे आली. १९९६ साली तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि श्रीमंत देशांतील रुग्णालयांतले बिछाने रिकामे होऊ लागले. परंतु त्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या वर होता. तो खाली आणण्यात आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे. सिप्ला या कंपनीचे युसुफ हमीद यांनी २००१ च्या फेब्रुवारीत तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा ३५० डॉलरांत देऊ केला. दिवसाला एक डॉलरहूनही कमी. आफ्रिकेतील लाखो माणसे आज हयात आहेत त्यामागे ही घटना आहे. आपल्या सरकारनेही १ एप्रिल २००४ पासून आठ रुग्णालयांत ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली.

त्या स्वस्त तीन औषधांपैकी एक होते स्टॅव्हुडिन. विषाणूची वाढ ते थोपवीत असे यात शंका नाही. पण पेशींमध्ये शक्ती निर्माण करणारे जे सूक्ष्म घटक असतात त्यांनाही ते हळूहळू मारी, आणि चरबीच्या पेशी त्यात अधिक बळी पडत. गाल, हात, पाय, बैठक यांच्या कातडीखालची चरबी विरघळे. कुणाची पोटात किंवा मानेमागे साठे. पोटातली चरबी माणसाला फारशी शोभत नाही, परंतु तिला कोणी ओळखत नाही. गालांतली गेली की रस्ता ओळखतो.

मराठीत 'वाचणे' या एकाच क्रियापदाकडून आपण दोन कामे करून घेतो. बुडता माणूस वाचतो आणि पोथीही वाचली जाते. या रुग्णांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. गोळीने ते वाचले आणि गोळीमुळेच ते वाचले जाऊ लागले. आजार लपावा म्हणून जी घ्यायची तिनेच आजार चेहऱ्यावर लिहून ठेवला. शिंपिणीच्या गल्लीत दुसऱ्या टोकाला एक बाई राहत असे. त्या बाईचेही गाल तसेच गेले. दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. समोरून येताना एक जण पदर पुढे ओढी आणि दुसरी दुकानात शिरे. एकमेकींना काय आहे हे दोघींनाही पहिल्या नजरेत कळले होते.

शिंपिणीने त्या काळात एकदा अकरा दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. डबीतून काढून उशीच्या अभ्र्यात ठेवल्या. या औषधांत खंड पडणे धोक्याचे असते. विषाणू औषधाला सरावतो आणि मग ते औषध निकामी होते. हे तिला ठाऊक होते, केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी चारदा सांगितले होते. तरी अकरा दिवस. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आली म्हणून तिने पुन्हा सुरू केल्या. ज्या गालांचे काय घेऊन बसायचे, त्या गालांपायी एक जीव जाऊ शकत होता.

आता त्या डॉक्टरांच्या वाक्याकडे पुन्हा येते. त्याच्या बाजूने तीन गोष्टी सांगता येतील आणि त्या हलक्या नाहीत.

पहिली कृतज्ञतेची. मोफत औषध मिळाले, प्राण वाचले. ज्याने दिले त्याच्यापुढे रडगाणे काय गावे? विहिरीत बुडणाऱ्याला केसांना धरून वर काढतात. वर आल्यावर तो डोके चोळतो, विव्हळतो. त्याला कोणी कृतघ्न म्हणत नाही. काढणाऱ्याचे उपकार मानणे आणि डोके दुखते असे सांगणे या दोन गोष्टी एकाच तोंडातून निघू शकतात. उलट, जो उपकार घेणाऱ्याकडून मुकाटपणाची अपेक्षा ठेवतो त्याने उपकार केला की सौदा, असा मला संशय येतो.

दुसरी गोष्ट आपल्या घराघरांत मुरलेली आहे. देह नाशवंत आहे, त्याचा मोह काय धरायचा? आपल्या संतांनी हे कितीदा सांगितले. पण त्यांनी ते सांगितले ते मुख्यतः स्वतःच्या देहाविषयी, आणि त्या देहाने उपासमार व अवहेलना सोसून मग सांगितले. तुझा देह नाशवंत आहे, असे दुसऱ्याला सांगणे फार सोपे असते. विशेषतः आपले गाल शाबूत असताना. माझे दात पडले तेव्हा मी कवळी करून घेतली. मला कोणी वैराग्य शिकवायला आले नाही.

तिसरी गोष्ट नटण्यामुरडण्याची. रूपाचा हव्यास हा क्षुल्लक हव्यास, असे गंभीर माणसांना वाटते. येथे मला प्रथम असे उत्तर सुचले की तिला रूप नकोच होते, तिला चारचौघींसारखे दिसायचे होते. बाजारात कोणी दुसऱ्यांदा वळून पाहू नये, मुलीच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी आपल्या तोंडाकडे टक लावू नये, इतकेच. हे उत्तर खरे आहे. परंतु त्यावर थांबणे मला पुरेसे वाटत नाही. कारण त्यात असे गृहीत धरले जाते की तक्रार ऐकून घ्यायची तर तिच्यामागे काही भारदस्त कारण हवे. तिला सुंदर दिसायचे असते तर? पंचेचाळिशीच्या विधवेला, रक्तात विषाणू असलेल्या बाईला, भाऊबिजेला बरे दिसावेसे वाटले तर त्याचे समर्थन तिने का द्यावे? आपण कोणाकडे ते मागतो? निरोगी बाईकडे मागत नाही. तिने केसांना मेंदी लावली तर आपण रंग विचारतो, कारण विचारीत नाही. ती स्वतः एकदा मला म्हणाली, "बाई, जीव पाहिजेच होता हो. पण तो माझ्याच तोंडात पाहिजे होता. हे तोंड कुणाचं आहे?"

येथवर लिहिणे सोपे होते. अवघड भाग पुढेच आहे. कोणी म्हणेल, मग ते औषध देऊ नये होते काय? तसे मी म्हणणार नाही. २००४ साली स्टॅव्हुडिन स्वस्त होते, तीन औषधांची एकच गोळी होत असे, ती शीतपेटीवाचून गावोगाव नेता येत होती. दुसरे जे औषध हाताशी होते त्याने रक्त कमी होई, आणि आपल्याकडे बायकांच्या अंगात आधीच रक्त कमी. चांगल्या औषधाला पैसे अधिक पडत. तेवढ्याच पैशांत अधिक माणसे वाचवायची की थोडी माणसे गालांसकट वाचवायची, असा तो हिशेब होता. त्या खुर्चीवर मी असते तर मीही तीच सही केली असती, आणि आजही त्या सहीविषयी मला खंत वाटण्याचे कारण दिसत नाही. पण हिशेब बरोबर होता म्हणून किंमत नव्हतीच असे होत नाही. ती कोणी तरी दिली. ज्यांनी सही केली त्यांनी दिली नाही. शिंपिणीने दिली, गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या बाईने दिली. बरोबर निर्णयांतला हाच धोका मला मोठा वाटतो. चुकीचा निर्णय घेणारा निदान कधी तरी मान खाली घालतो. बरोबर निर्णय घेणारा किंमत देणाऱ्याला गप्प बसवतो, आणि तेही स्वच्छ मनाने.

श्रीमंत देशांत याच गालांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत २००४ साली एच.आय.व्ही. रुग्णांचे बसलेले गाल भरून काढण्याची सुई सरकारमान्य झाली, आणि २०१० साली तेथील सरकारी आरोग्य विम्याने, या खळग्यांपायी खिन्नतेचा आजार जडलेल्या रुग्णांसाठी, तिचा खर्च द्यायचे मान्य केले. म्हणजे तोच खळगा तेथे विम्याच्या कागदावर वैद्यकीय बाब ठरला आणि येथे नखरा. जागतिक आरोग्य संघटनेने आधी २००७ साली स्टॅव्हुडिनची मात्रा सर्वांसाठी कमी करायला सांगितली, आणि २००९ च्या नोव्हेंबरअखेर, त्याचे दीर्घकालीन व न भरून येणारे दुष्परिणाम लक्षात घेऊन, ते टप्प्याटप्प्याने बंद करा असे सर्व देशांना सुचवले. पुढे आपल्याकडेही ते बंद झाले. न भरून येणारे, हा शब्द मी मुद्दाम येथे ठेवते. औषध बदलल्यावर हातापायांवर थोडीफार चरबी परतते, फार हळू. गाल बहुतेकांचे तसेच राहतात.

२०१७ साली संसदेने एच.आय.व्ही. आणि एड्सविषयी कायदा केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. न्यायालयाच्या आदेशावाचून कोणालाही आपली ही स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करता येत नाही. चांगला कायदा आहे. केंद्रातल्या कपाटाला त्याने कुलूप लावले. परंतु शिंपिणीच्या बाबतीत कपाट उघडण्याची कोणाला गरज पडली नव्हती.

गंमत अशी, की या कथेचे पान आता पुन्हा उलटले आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या केंद्रांत डोल्युटेग्राव्हिर असलेली गोळी मिळू लागली आहे. दिवसाला एक. फार चांगले औषध आहे. नियमाने घेतली की रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका घटतो, आणि तसा तो घटलेला राहिला की शरीरसंबंधातून जोडीदाराला जात नाही. हे वाक्य खरे म्हणजे एस.टी. स्टँडवर कवटीच्या जागी रंगवायला हवे. पण या गोळीने पुष्कळांचे वजन वाढते. २०१९ साली जोहान्सबर्ग येथील हजाराहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४८ आठवड्यांत जुन्या औषधांच्या गटाचे वजन सरासरीने दोन किलोंहून कमी वाढले होते. नवी गोळी आणि टेनोफोव्हिरचा नवा प्रकार एकत्र घेणाऱ्यांचे सहा किलोंहून अधिक, आणि जुन्या टेनोफोव्हिरबरोबर घेणाऱ्यांचे त्याच्या निम्मे. बायकांचे पुरुषांपेक्षा जास्त वाढले. त्यावर शास्त्रज्ञांत असा एक प्रश्न निघाला की नवे औषध वजन वाढवते, की जुनी औषधेच ते दाबून ठेवीत होती? बहुधा दोन्हींत तथ्य आहे. म्हणजे यातले 'माझे' वजन कोणते, हे आता काटाही सांगू शकत नाही.

ज्या खंडाने 'स्लिम'चे दिवस पाहिले तेथे जाडीला निराळे मोल आले होते. केपटाऊनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतील बायकांशी बोलणाऱ्या अभ्यासकांना आढळले की तेथे स्थूल शरीर हे निरोगीपणाची ग्वाही समजले जाते. बारीक व्हायला बाया कचरतात, कारण लोक काय म्हणतील हे त्यांना ठाऊक असते. आपल्याकडे फार वेगळे नाही. माझ्या ओळखीचा एक वाहनदुरुस्ती करणारा गृहस्थ आहे. नव्या गोळीवर त्याच्या अंगरख्याची बटणे ताणू लागली तेव्हा त्याने पेढे वाटले म्हटले तरी चालेल. दोन वर्षांत रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी सांगितले, आठ किलो उतरा, रोज तासभर चाला. तो चालत नाही. आळशी आहे म्हणून नव्हे. आठ किलो उतरले तर गॅरेजमधली पोरे काय म्हणतील, हे त्याच्या डोक्यात आहे. एका आजाराचा संशय येऊ नये म्हणून तो दुसरा आजार पाळतो आहे. आणि त्या पोरांनी अजून एक अक्षरही उच्चारलेले नाही.

मग आपण दुसऱ्याच्या देहाविषयी बोलूच नये काय? असे कोणी मला विचारले तर मी अडखळेन. ज्या घरात कोणी कोणाकडे पाहतच नाही असे घर मला नको आहे. शिंपिणीचे ३४ किलो तिच्या भावाने पाहिले म्हणून ती रिक्षात गेली. पोराचा ताटातला भात उरतो हे आईला दिसावे, बापाचा सदरा खांद्यावरून ढळतो हे मुलाला दिसावे. अशा पाहण्यात माणूस पुढे काही तरी करतो. निदान जवळ येऊन बसतो, दार लोटून घेतो, हळू विचारतो. उंबऱ्यावर दहा माणसांत निकाल देणारा काही करीत नाही. त्याला उत्तरही नको असते. समोरच्याला मात्र काही तरी उत्तर द्यावे लागते, आणि वर्षानुवर्षे ती उत्तरे आधीपासून तयार ठेवावी लागतात. शिंपिणीकडे तीन होती: दात काढले, थायरॉइड आहे, उपास चालू आहेत. कोणाला कोणते दिले याची तिला आठवण ठेवावी लागे. थायरॉइडच्या माणसाला चुकून उपास सांगितला तर पंचाईत.

ती आज नव्या गोळीवर आहे. वजन ५८ किलो. कंबर वाढली, गाल आले नाहीत.

गेल्या वर्षी केंद्रात एक तरुण डॉक्टरीणबाई बदलून आल्या. काट्यावर उभे करून झाल्यावर त्यांनी विचारले, "आणखी काही?" सवयीने शिंपिणीने नाही म्हटले, आणि मग का कोण जाणे, दोन बोटे गालांना लावून दाखवली. बाईंनी निरखून पाहिले. म्हणाल्या, हे जुन्या औषधाचे आहे. भरून काढायची सुई असते, ती येथे मिळत नाही, बाहेर महाग आहे आणि पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. मग कार्ड पुढे ओढून वजनाच्या आकड्याखाली लिहू लागल्या. काय लिहिता, असे हिने विचारले. "तुमची तक्रार," त्या म्हणाल्या.

हे सांगताना शिंपीण माझ्या बाहीचे माप घेत होती. किती लिहिले गं त्यांनी, असे मी विचारले. "दोन ओळी," ती म्हणाली, आणि हात जरा वर धरा म्हणाली.